जुन्या सॅम्पलरवरच्या मुलीचा माग कसा काढावा

काचेमागे पिवळट पडलेलं लोकरी कापड. वर मुळाक्षरांच्या तीन ओळी, मध्ये लाल विटांचं घर, घराच्या दोन्ही अंगांना अगदी एकसारखी झाडं, खाली चार ओळींची प्रार्थना. आणि तळाशी एक नाव: मेरी, पुढे आडनाव, वय १०, साल १८. पुढचे दोन आकडे नाहीत. तिथे फक्त कोरं कापड.

हा इंग्लिश सॅम्पलर मला एका लिलावात मिळाला. त्याच्यासोबत कागदाचा एक कपटाही नव्हता. मेरी कोण होती हे शोधायला मला दीड वर्ष लागलं. त्यातले निदान आठ महिने मी चुकीच्या टोकाकडून सुरुवात केल्यामुळे वाया गेले. तुमच्या हाती असं कापड आलं असेल आणि त्यावरची मुलगी तुम्हाला हाक मारत असेल, तर तुमचे आठ महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

नवख्यांसाठी थोडक्यात: सॅम्पलर म्हणजे भरतकामाचा नमुनापट. छापील नमुने दुर्मिळ होते तेव्हा बायका टाके आणि नक्ष्या लक्षात राहाव्यात म्हणून त्या कापडाच्या पट्टीवर काढून ठेवत. पुढे तो मुलींचा शाळेतला अभ्यास झाला. मुळाक्षरं आणि अंक का, तर घरातल्या चादरी, सदरे, टॉवेल यांवर आद्याक्षरं आणि क्रमांक भरून खूण करावी लागे. नोकरीला जाणाऱ्या मुलीला तर ते यायलाच हवं. त्यामुळे सॅम्पलरवरची अक्षरं हे लिहायला शिकल्याचं प्रमाणपत्र नव्हे. हा मुद्दा पुढे फार कामाला येतो.

हा लेख मुख्यतः ब्रिटनमधल्या सॅम्पलरबद्दल आहे. अमेरिकेचा उल्लेख जिथे गरज आहे तिथे येईल.

काय काय जवळ ठेवावं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- कॅमेरा किंवा चांगला मोबाईल, आणि तो स्थिर ठेवायला तिपाई
- साधी टॉर्च आणि एक अतिनील किरणांची छोटी टॉर्च
- सेंटिमीटरची मऊ टेप
- शिसपेन्सिल (कापडाजवळ पेन अजिबात नको)
- आम्लरहित पांढरा टिश्यू कागद
- चौकटीवरची लेबलं, पावत्या, जुन्या मालकाची पत्रं, लिलावाच्या यादीतलं वर्णन, जे काही असेल ते सगळं

१. धुवू नका, चौकट खोलू नका, आधी फोटो काढा

पहिल्या आठवड्यात होणारं नुकसान भरून येत नाही. जुन्या रेशमाचा रंग पाण्याने फुटतो आणि लाल दोरा शेजारच्या कापडात उतरतो. डाग, घडीच्या रेषा, धूळ हे सगळं या टप्प्यावर पुरावा आहे. हात स्वच्छ धुऊन कोरडे करा, अंगठ्या काढा. सुती हातमोज्यांचे धागे टाक्यांत अडकतात, म्हणून ते नकोत.

चौकटीची मागची बाजू आधी पाहा. तिथे चौकट बनवणाऱ्याचं लेबल असेल तर त्यावरचा पत्ता जुन्या व्यापारी सूचिकांत शोधता येतो आणि तो माणूस त्या पत्त्यावर कोणत्या वर्षांत होता ते कळतं. यावरून सॅम्पलरचं वय कळत नाही, पण तो त्या सुमारास कोणत्या गावात होता हे मात्र कळतं. फळीखाली वर्तमानपत्र लावलेलं असेल तर त्याची तारीख टिपा. जुनी फळी फेकू नका. कापड चिकटवलेलं किंवा खिळे ठोकून ताणलेलं असेल तर ते सोडवायचं काम वस्त्रसंवर्धकाचं आहे, आपलं नाही.

फोटो तीन प्रकारे काढा: समोरून सपाट उजेडात, शक्य असेल तर मागच्या बाजूने, आणि टॉर्च अगदी बाजूला, कापडाच्या पातळीवर धरून तिरप्या उजेडात. हा तिसरा फोटो मी सुरुवातीला काढलाच नाही. माझे आठ महिने तिथेच गेले.

२. अक्षर न् अक्षर उतरवून घ्या

भिंग घेऊन वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. जे दिसतं तेच उतरवा, सुधारून नाही. चुकलेलं स्पेलिंग, ओळीत न मावल्यामुळे वर चढवलेलं अक्षर, अर्धवट राहिलेला शब्द, सगळं जसंच्या तसं. नीट वाचायला लागलं की पुढचे सापळे दिसू लागतात.

जुन्या मुळाक्षरांत बऱ्याचदा २४ अक्षरं असतात, कारण आय आणि जे एक धरत, यू आणि व्ही एक धरत. म्हणून आद्याक्षर ‘आय’ दिसलं तरी मुलगी जेन किंवा जोआना असू शकते. शब्दाच्या मधला एस लांब काढत, तो एफसारखा दिसतो. आडनाव वाचताना यात हमखास गफलत होते.

सॅम्पलरवरची तारीख ही ज्या दिवशी तो पूर्ण झाला त्या दिवसाचीच असते असं नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तारीख असलेला सर्वांत जुना ब्रिटिश सॅम्पलर आहे, जेन बोस्टॉक हिचा, १५९८ चा. त्यावर ॲलिस ली नावाच्या मुलीचा जन्म २३ नोव्हेंबर १५९६ रोजी, मंगळवारी दुपारी झाल्याचं भरलेलं आहे. म्हणजे एकाच कापडावर दोन नावं, दोन सालं, आणि त्यांतली एक व्यक्ती तेव्हा जेमतेम चालायला लागलेली. नाव दिसलं की तीच भरतकाम करणारी, असं धरून चालू नका.

आता माझ्या सॅम्पलरवरचे नसलेले आकडे. सालातले शेवटचे दोन आकडे उसवलेले असणं हे नवल नाही. मोठेपणी वय उघड होऊ नये म्हणून स्वतः त्या बाईनेच, किंवा घरातल्या कोणी, ते दोरे काढून टाकलेले असतात. काढलेल्या टाक्यांची भोकं तिरप्या उजेडात दिसतात. मागच्या बाजूला रंगीत दोऱ्याचे तुकडे राहिलेले असतात. मला तिथे १ स्पष्ट मिळाला. शेवटचा आकडा ३ असेल किंवा ८. म्हणजे साल १८१३ किंवा १८१८, आणि मेरीचा जन्म १८०३ किंवा १८०८ च्या आसपास.

दुसरी भोकं याहून अवघड असतात. काळा किंवा गडद तपकिरी रंग पक्का करायला लोहाचे क्षार वापरत, आणि ते क्षार काळाच्या ओघात रेशीम खाऊन टाकतात. बाकीचं भरतकाम शाबूत असतं, आणि काळ्या दोऱ्याने काढलेलं तेवढंच भुगा होऊन गळून जातं. घराच्या खिडक्या, माणसांच्या आकृतींच्या कडा आणि काही वेळा अक्षरंही. कोरं दिसणाऱ्या प्रत्येक जागेवर तिरपा उजेड टाकून पाहा. माझ्या मेरीच्या नावाखाली भावंडांच्या आद्याक्षरांची एक ओळ होती, आणि त्या ओळीत मधेच एक रिकामी जागा. ती मला नुसती जागा सोडल्यासारखी वाटली होती. तिथे सुईच्या भोकांत एम आणि तिच्याच आडनावाचं आद्याक्षर होतं. मेरीने स्वतःचंच नाव दुसऱ्यांदा भरलं असणार, असं म्हणून मी ते सोडून दिलं. याकडे आपण परत येऊ.

३. काळ कापडाला विचारा

कागदपत्रांकडे धावण्याची घाई प्रत्येकाला होते. पण कापडावरून वीस-तीस वर्षांचा टप्पा ठरवून ठेवलात तर पुढे एकाच नावाच्या शंभर मुलींतून नव्वद आपोआप गळतात.

आकार पाहा. १७ व्या शतकातले ब्रिटिश सॅम्पलर लांब आणि अरुंद, लिननच्या पट्टीवर, आडव्या पट्ट्यांनी भरलेले असतात. ते गुंडाळून ठेवत. १८ व्या शतकात ते चौकोनाकडे सरकतात, चारी बाजूंनी वेलीची किनार येते, मध्ये कविता येते. भिंतीवर लावण्यासाठी केलेली वस्तू आणि गुंडाळून ठेवायची वस्तू यांतला हा फरक आहे.

कापड पाहा. १८ व्या शतकाच्या अखेरीस आणि १९ व्या शतकाच्या सुरुवातीला टॅमी नावाचं बारीक लोकरी कापड खूप वापरलं गेलं. त्याला कसर लागते, म्हणून रेशीम नीट आणि कापडाला मात्र भोकं, असं दिसलं तर टॅमीचा संशय घ्या. दुहेरी धाग्यांचा कॅनव्हास आणि त्यावर जाड, भडक रंगांची लोकर असेल तर तुम्ही १९ व्या शतकाच्या मध्याकडे आला आहात.

रंगांवरून एक पक्की मर्यादा मिळते. पहिला कृत्रिम रंग, मॉव्ह नावाचा जांभळा, विल्यम पर्किनने १८५६ मध्ये शोधला. १७९० साल लिहिलेल्या सॅम्पलरवर चकचकीत जांभळा किंवा राणी रंग दिसला तर साल, रंग किंवा विक्रेता यांपैकी एक खोटा आहे, किंवा नंतर कोणी डागडुजी केली आहे. त्याआधीचा हिरवा हा निळीवर पिवळा चढवून केलेला असे. पिवळा उजेडात आधी उडतो, म्हणून जुन्या सॅम्पलरवरची पानं निळसर दिसतात. मागच्या बाजूला तीच पानं अजून हिरवी असतात. मागचा आणि पुढचा रंग अगदी सारखाच निघाला तर मला शंका येते.

अतिनील टॉर्च अंधाऱ्या खोलीत क्षणभरच वापरा. आधुनिक दोऱ्यांत आणि धुण्याच्या पावडरीत शुभ्रता वाढवणारी द्रव्यं असतात, ती निळसर पांढरी चमकतात. संपूर्ण सॅम्पलर चमकला तर तो कोणीतरी धुतला असेल. पण फक्त नाव आणि साल तेवढं चमकलं तर ते नंतर भरलेलं आहे.

४. गाव आणि शाळा

मुली नक्षी मनाने काढत नसत, बाई समोर ठेवत ती काढत. म्हणून एका शाळेतले सॅम्पलर बहिणींसारखे दिसतात. १७ व्या शतकाच्या अखेरीस इप्सविचमध्ये जुडिथ हेल नावाच्या शिक्षिकेच्या मुलींनी आपल्या कामावर तिचं नाव किंवा आद्याक्षरं भरली, म्हणून तो गट आज ओळखता येतो. तुमच्या कापडावर कोपऱ्यात जास्तीची आद्याक्षरं असतील तर ती बाईंची असू शकतात हे ध्यानात ठेवा.

काही गट लांबूनही ओळखू येतात. यॉर्कशरमधली ॲकवर्थ ही क्वेकर या ख्रिस्ती पंथाची शाळा १७७९ मध्ये सुरू झाली. तिथल्या सॅम्पलरवर भौमितिक गोल आणि अर्धगोल, साधी ठळक अक्षरं, आणि मैत्रिणींची आद्याक्षरं असतात. पेन्सिल्व्हेनियात १७९९ मध्ये सुरू झालेल्या वेस्टटाउन शाळेतही याच परंपरेचं काम होई. मात्र गोल नक्षी दिसली की ‘ॲकवर्थ’ म्हणून मोकळं होऊ नका, ती नक्षी इतर क्वेकर शाळांतही पसरली होती. ब्रिस्टलला ॲशली डाउन इथल्या जॉर्ज म्युलर यांच्या अनाथालयातल्या मुलींचं काम म्हणजे पांढऱ्या कापडावर बहुधा एकाच लाल सुताने अतिशय बारीक भरलेली मुळाक्षरं, एकाखाली एक, श्वास घ्यायला जागा नाही इतकी दाट. ती पाहिली की मुलींना घरकामाच्या नोकरीसाठी किती नेमकं तयार केलं जात होतं ते कळतं.

स्कॉटलंडचे सॅम्पलर शोधणाऱ्यासाठी वरदान आहेत. त्यांवर आईवडील, आजीआजोबा, भावंडं यांची आद्याक्षरं जोडीजोडीने असतात, आणि तिथे लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव नोंदींत टिकत असल्यामुळे आईची आद्याक्षरं वडिलांहून वेगळी असतात. म्हणजे अख्खी वंशावळ कापडावर. डच आणि जर्मन सॅम्पलरवर याउलट अनेकदा फक्त आद्याक्षरं आणि साल असतं, कविता नसते. तिथे माणूस सापडण्याची आशा कमीच ठेवा.

५. चिन्हांचा अर्थ लावताना हात आखडता घ्या

आदाम-हव्वा आणि झाडाला विळखा घातलेला साप, कनान देशातून द्राक्षांचा भलामोठा घड काठीवर वाहून आणणारे दोन हेर, शलमोनाचं मंदिर: ही बायबलमधली चित्रं ओळखायला सोपी आहेत. मोर, हरीण, कार्नेशन, स्ट्रॉबेरी यांचे अर्थही लोक हौसेने सांगतात. माझं मत असं की मुलगी एखादं चिन्ह त्याच्या अर्थासाठी क्वचितच निवडत असे. बाईंच्या नमुन्यात ते होतं म्हणून आलं. छोटे मुकुट दिसले म्हणून कुटुंब सरदार घराण्यातलं ठरत नाही. ओळीच्या शेवटी उरलेली जागा भरायला मुकुट फार सोयीचा पडतो. लाल विटांचं घरही बहुतेक वेळा तिचं नसतं. ‘हे तिचं राहतं घर’ असं विक्रेता म्हणाला तर पुरावा मागा.

कवितेचंही तसंच. आयझॅक वॉट्स यांची १७१५ मधली मुलांसाठीची धार्मिक पद्यं पुढची शंभर वर्षं सॅम्पलरवर भरली जात होती. मृत्यूविषयीची ओळ भरणारी आठ वर्षांची मुलगी दुःखात होती असा निष्कर्ष त्यावरून काढू नका.

मग मुलगी स्वतः कुठे सापडते? जिथे नमुना सुटला आहे तिथे. डाव्या झाडावर एक पक्षी जास्तीचा, ओळीत न मावलेला शब्द, मधेच संपलेला एक रंग आणि त्याच्या जागी दुसरा, मोजणीत चुकून वाकडी झालेली किनार. त्याच शाळेतला दुसरा सॅम्पलर शेजारी ठेवून पाहिलात तर हे फरक लगेच डोळ्यांत भरतात. आणि माणसांची आद्याक्षरं. ती नमुन्यात नसतात, ती घरूनच येतात. काळ्या दोऱ्यातली आद्याक्षरं बऱ्याचदा वारलेल्या नातलगांची असतात.

नमुना पूर्णच बाजूला सारलेलं एक काम पाहायलाच हवं. एलिझाबेथ पार्कर या ससेक्समधल्या तरुणीने १८३० च्या सुमारास लिननवर लाल दोऱ्याने आपली कहाणी भरली. सुरुवातीलाच ती सांगते की मला लिहिता येत नाही, म्हणून मी हे इथे मांडते. नोकरीतला छळ, आत्महत्येचा विचार, देवाची भीती. आणि मजकूर वाक्याच्या मध्येच तुटतो. संशोधकांनी तिचा माग काढला तेव्हा कळलं की ती पुढे शिक्षिका झाली आणि सत्तरी ओलांडून जगली. कापड जिथे संपतं तिथे माणूस संपत नाही, हे मला त्या कामाने शिकवलं, आणि मी मेरीसाठी कागदांकडे वळले.

६. कागदपत्रांत शोध

कोणती नोंद कधीपासून आहे हे माहीत नसलं तर नसलेली वस्तू शोधत बसाल.

इंग्लंडमध्ये पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून सुरू होतात, अर्थात सगळ्या टिकलेल्या नाहीत. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण येतं. जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी इंग्लंड-वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून, स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून. घरातल्या सगळ्यांची नावं देणारी जनगणना १८४१ ची. त्यात पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, म्हणजे ३३ वर्षांची बाई ३० ची दिसते. जन्मगाव हवं असेल तर १८५१ ची पाहा.

फॅमिलीसर्च हे जुन्या नोंदी शोधण्याचं संकेतस्थळ मोफत आहे, सुरुवात तिथूनच करा. फ्रीरेग आणि फ्रीबीएमडी हेही मोफत आणि स्वयंसेवकांनी तयार केलेले. स्कॉटलंडसाठी स्कॉटलंड्सपीपल हे अधिकृत ठिकाण, तिथे मूळ पान पाहायला पैसे पडतात. सूचीतलं नाव ही फक्त खूण समजा आणि मूळ पानाचं छायाचित्र पाहिल्याशिवाय काहीही खरं धरू नका. उतरवून घेणाऱ्यानेही तोच लांब एस एफ म्हणून वाचलेला असू शकतो.

१७५२ पूर्वीच्या इंग्लिश तारखांत एक मोठा चकवा आहे. वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून फेब्रुवारी १७३० असं लिहिलेला बाप्तिस्मा आजच्या हिशेबाने १७३१ मधला. वयाचं गणित एका वर्षाने चुकलं की खरी मुलगी हातातून निसटते. क्वेकर लोक तर महिन्यांची नावंच घेत नसत, क्रमांक लिहीत; आणि १७५२ पूर्वी त्यांचा पहिला महिना म्हणजे मार्च.

कुटुंब क्वेकर, बॅप्टिस्ट किंवा इतर पंथाचं असेल तर चर्च ऑफ इंग्लंडच्या वहीत बाप्तिस्मा मिळणार नाही. अशा पंथांच्या बऱ्याच वह्या १८३७ नंतर सरकारने गोळा केल्या, त्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. अमेरिकेत १८५० च्या आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे, म्हणून दहा वर्षांची मुलगी नावाने सापडत नाही. तिथे गावाच्या दप्तरातल्या जन्मनोंदी आणि मृत्युपत्रं कामाची. प्लिमथच्या पिलग्रिम हॉल संग्रहालयातला लोरा स्टँडिश हिचा सॅम्पलर अमेरिकेतल्या सर्वांत जुन्यांपैकी. त्यावर साल नाही. तिचे वडील माइल्स स्टँडिश यांचं १६५६ मधलं मृत्युपत्र मात्र सांगतं की मला माझ्या मुली लोराशेजारी पुरा. काम त्याआधीचं, हे त्यावरूनच ठरतं.

७. सापडलेली मुलगी खोडून पाहा

नाव, वय आणि गाव जुळलं की मन तिथेच थांबतं. थांबू नका. उलट ही ती नाही हे सिद्ध करायचा प्रयत्न करा.

बाप्तिस्म्याचं साल म्हणजे जन्मसाल नव्हे. काही मुलांना तीन-चार वर्षांचं झाल्यावर चर्चमध्ये नेत. सॅम्पलरवरचं वयही वर्षभर इकडेतिकडे धरा. आडनावाची दोन-तीन तरी स्पेलिंगं शोधा. इंटरनेटवर कोणीतरी आधीच बनवलेल्या वंशावळी वाचा, पण त्यांवर विसंबू नका. एकाने केलेली चूक पन्नास जण उतरवून घेतात.

आणि दफनाच्या नोंदी पाहाच. मी त्या पाहिल्या नव्हत्या. मला १८०३ मध्ये बाप्तिस्मा झालेली मेरी मिळाली, भावंडांची आद्याक्षरं जुळली, मी शेवटचा आकडा ३ धरला आणि आनंदाने पुढे गेले. तिचं लग्न शोधत महिने घालवले. ते मिळालंच नाही. शेवटी त्याच पॅरिशची दफनवही काढली: ती मेरी १८०५ मध्ये, दोन वर्षांची असताना वारली होती. मग बाप्तिस्म्याची वही पुन्हा उघडली. त्याच आईवडिलांना १८०८ मध्ये मुलगी झाली होती, आणि तिचं नावही मेरी. वारलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देण्याची पद्धत तेव्हा सर्रास होती.

शेवटचा आकडा ८ होता. आणि ओळीतल्या त्या रिकाम्या जागेतली भोकं तिच्या स्वतःच्या नावाची नव्हतीच. आपल्याआधी आपलंच नाव घेऊन येऊन गेलेल्या बहिणीसाठी, दहा वर्षांच्या मुलीने काळ्या रेशमाने भरलेली ती दोन अक्षरं होती. ती रात्र मी तो फोटो समोर ठेवून बसले होते.

धाकट्या मेरीचं लग्नही मग सापडलं. इंग्लंडमध्ये १७५४ पासून लग्नाच्या वहीत वधूवरांची सही किंवा खूण लागते. मुळाक्षरांच्या तीन ओळी बिनचूक भरणाऱ्या मेरीने तिथे फुली मारली आहे. सुई धरता येत होती, लेखणी नाही. तुम्हाला अशी फुली दिसली तर ‘ही ती नव्हे’ असा निष्कर्ष काढू नका.

८. जाणकारांना कधी विचारावं

वरचं सगळं झाल्यावर. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, केंब्रिजचं फिट्झविल्यम आणि नॅशनल म्युझियम्स स्कॉटलंड यांचे सॅम्पलर ऑनलाइन पाहता येतात. आपल्यासारखी किनार किंवा घर तिथे शोधा. पत्र लिहिताना माप, कापड, सेंटिमीटरला धागे किती, उतरवलेला मजकूर, दोन्ही बाजूंचे फोटो आणि एकच नेमका प्रश्न पाठवा. किंमत विचारू नका, संग्रहालयं ती सहसा सांगत नाहीत. जिल्ह्याच्या दप्तरखान्यातल्या माणसांना मात्र शाळांबद्दल जरूर विचारा. गावातल्या छोट्या शाळेची माहिती इतरत्र कुठेच नसते.

एकाच मुलीची दुसरी कामंही असू शकतात हे विसरू नका. मार्था एडलिनने १६६८ मध्ये, आठव्या वर्षी, रंगीत सॅम्पलर केला, पुढच्या वर्षी पांढऱ्यावर पांढरं काम केलं, आणि १६७१ मध्ये भरतकामाने मढवलेली पेटी. तिचं सगळं काम एकत्र राहिलं. बहुतेकींचं विखुरलं.

९. जे कळलं ते कापडासोबत ठेवा

सॅम्पलर थेट उन्हात आणि बाहेरच्या भिंतीवर लावू नका. संग्रहालयं अशा कापडावर साधारण ५० लक्स एवढाच मंद उजेड पडू देतात. काच कापडाला टेकता कामा नये, मागची फळी आम्लरहित पुठ्ठ्याची हवी. जुनी फळी आणि लेबल टिश्यूत गुंडाळून वेगळं ठेवा.

एक कागद शिसपेन्सिलने लिहून पाकिटात, चौकटीच्या मागे. त्यावर कापडावर जे आहे ते, नोंदवहीत जे आहे ते, आणि तुमचा तर्क, हे तिन्ही वेगवेगळं लिहा. तर्कापुढे ‘बहुधा’ लिहायची लाज वाटू देऊ नका. प्रत्येक नोंदीपुढे पॅरिशचं नाव, वही आणि तारीख टाका, म्हणजे पुढच्याला ती पुन्हा काढून तपासता येईल.

माझ्या कागदावर शाळेपुढे अजून जागा मोकळी आहे. नावाच्या जागी मी दोन्ही मेरी लिहिल्या आहेत, थोरलीची सालं आधी आणि धाकटीची खाली.